रेल्वे जेऊरपर्यंत, गाडी वस्तीपर्यंत

१९०८ साली छापलेल्या ‘इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया’त सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याची छोटी नोंद आहे. बालाघाट ते पुणे आणि नगर ते सोलापूर या दोन व्यापारी वाटा एकेकाळी इथे मिळत, माल इथे उतरून पुढे जाई, असे ती सांगते. निंबाळकरांच्या जहागिरीचे हे गाव. रावरंभा निंबाळकरांचा किल्ला इथला, आणि १७२७ साली बांधलेले शहाण्णव खांबांचे कमलाभवानीचे मंदिरही इथलेच. पण त्याच नोंदीत पुढे म्हटले आहे की या वाटांवरची बहुतेक वर्दळ रेल्वेकडे वळली. उरली ती गुरे, धान्य, तेल आणि कापडाची पेठ.

ती रेल्वे म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मुंबई-सोलापूर मार्ग. १८६० सालापर्यंत रूळ सोलापूरला पोचले. करमाळा तालुक्याच्या दक्षिण अंगाने ते गेले. जेऊर, केम ही स्टेशने तालुक्यात आली, पण तालुक्याचे गाव जेऊरपासून सुमारे अठरा किलोमीटर लांबच राहिले. दोन व्यापारी वाटांच्या गावाला एकदम आडगावाची कळा आली.

करमाळ्यातल्या मोटारसायकलचा इतिहास या अठरा किलोमीटरपासून सुरू करावा लागतो. शहरात दुचाकी हौसेने आली असेल, ऑफिस गाठायला आली असेल. इथे ती आली रेल्वेने सोडलेले अंतर भरून काढायला.

एसटीने त्यातले बरेच अंतर कापले. १ जून १९४८ रोजी महाराष्ट्रातली पहिली एसटी धावली ती पुणे ते नगर. नगरहून टेंभुर्णीकडे जाणारा रस्ता करमाळ्यावरूनच जातो, त्यामुळे या भागाला लाल गाडी लवकर ओळखीची झाली. पण एसटी थांबते फाट्यावर. पश्चिमेला भीमा आणि पूर्वेला सीना यांच्यामध्ये पसरलेल्या या तालुक्यात माणसे फक्त गावठाणात राहत नाहीत. ती रानात, विहिरीच्या कडेला, वस्तीवर राहतात. फाटा ते गाव आणि गाव ते वस्ती हे तुकडे पायी, बैलगाडीने नाहीतर सायकलवर पार करायचे. बाळंतीण अडली, विहिरीवरचे इंजिन बंद पडले, पोराचा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला, की हे तुकडे फार मोठे होत.

गाडी विकत घेण्याचा विचार मनात येण्याआधी खेड्यातल्या बहुतेकांनी मोटारसायकल मन भरून पाहिली ती जत्रेत. मौत का कुआ हे ग्रामीण महाराष्ट्राचे पहिले मोटारसायकल प्रदर्शन म्हणता येईल. लाकडी फळ्यांची उंच गोल विहीर उभी करायची, प्रेक्षकांनी जिना चढून काठावर ओणवे व्हायचे, आणि तळातून सुटलेली गाडी तिरप्या फळ्यांवरून वेग घेत थेट उभ्या भिंतीवर चढायची. वेग पुरेसा असला की भिंत चाकांना आत रेटत राहते आणि टायरच्या घर्षणावर गाडी तोलली जाते. वेग मंदावला की गाडी खाली येते. हा खेळ मूळचा अमेरिकेतला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९११ साली अशी पहिली ‘मोटरड्रोम’ उभी राहिल्याची नोंद आहे. तिथून तो इंग्लंडमार्गे जगभर फिरला आणि आपल्याकडच्या उरुसा-जत्रांत इतका मुरला की तो परका वाटेनासा झाला. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. पाळणे, चिवडा-भजी आणि गर्दीचा धुरळा यांच्या जोडीला असे खेळ पाहायलाही जिल्हाभरातून माणसे येतात. विहिरीत फिरणाऱ्या गाड्या बहुधा जुन्या येझदी, राजदूत, यामाहा. सायलेन्सर काढलेला, हँडलवरचे हात सोडलेले, एका हाताने प्रेक्षकाने पुढे केलेली नोट टिपलेली. पोरांना तिथे इंजिनचा आवाज ओळखू येऊ लागला.

बाजारात मात्र निवड करायला फारसे काही नव्हते. १९५५ साली मद्रासला रॉयल एनफिल्डची बुलेट जुळू लागली. लष्कराने ती आधीच पसंत केली होती. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला, तिथल्या जावा गाडीचे नाव पुढे येझदी झाले. १९६२ पासून एस्कॉर्ट्‌सने पोलंडच्या मॉडेलवर बेतलेली १७५ सीसीची राजदूत आणली. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना उभा राहिला. १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणून सुरू झालेल्या या कंपनीला १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळाला, आणि इटलीच्या पियाजिओशी केलेला करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. परंतु किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. कोणाला कधी मिळणार, यावर १९६० च्या स्कूटर वितरण नियंत्रण आदेशाची नजर असे. नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. चेतकसाठी काहींनी दहा-दहा वर्षे वाट पाहिली. पोरगा शाळेत असताना लावलेला नंबर त्याच्या लग्नाच्या सुमारास लागे. करमाळ्यासारख्या तालुक्यात त्या काळात दारात मोटारसायकल म्हणजे डॉक्टर, पाटील, बागायतदार, फार तर साखर कारखान्याचा किंवा बँकेचा साहेब.

ही कोंडी फोडणारी गाडी जवळच तयार झाली. फिरोदिया हे नगरचे घराणे. कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्याच घरातल्या हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली नगरहून लूना बाजारात आणली. पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवर ती बेतलेली होती. ५० सीसीचे इंजिन, सायकलसारखे पॅडल, गिअर नाही, किंमत दोन हजार रुपयांच्या घरात. पेट्रोल संपले तर पॅडल मारत घरी यावे. बिघडली तर सायकलच्या दुकानातला माणूसही बरेचसे जमवून आणी.

लूनाने गाडीवाल्याची व्याख्या बदलली. प्राथमिक शाळेतले गुरुजी, पोस्टमन, ग्रामसेवक, किराणा दुकानदार, दुधाची किटली लावणारा गवळी हे तिचे गिऱ्हाईक. पुढच्या मोकळ्या जागेत पेंडीचे पोते बसे, मागे बायको आणि तिच्या मांडीवर पोर. नगरहून करमाळ्याकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांना तर ही आपल्या भागातली गाडी. सुटे भाग मिळण्याची चिंता नाही, आणि गिअर नसल्यामुळे शिकवायला उस्ताद लागत नाही. प्रौढ माणसांनी, काही बायकांनीही, याच गाडीवर तोल सांभाळायला शिकून घेतले.

आणि मग पाणी आले. भीमेवर माढा तालुक्यातल्या उजनीला १९६९ मध्ये सुरू झालेले धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावेल एवढा हा जलाशय. धरणाची भिंत माढ्यात, पण फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत तालुक्यांत शिरला. करमाळ्याच्या नदीकाठची काळीभोर जमीन, गावे, देवळे, जुने रस्ते पाण्याखाली गेले. ज्यांची घरे गेली त्यांनी वर माळावर नव्याने संसार मांडला. नदी एका दमात ओलांडून इंदापूर तालुक्यात लेकीकडे जाणारी माणसे आता मैलोन्‌मैल वळसा घालू लागली. कुगावसारख्या गावांतून पलीकडे जायला होडी आणि लाँच आली. त्या लाँचमध्ये माणसांच्या बरोबरीने मोटारसायकलीही उभ्या करून नेतात. या प्रवासाची किंमत कधी कधी फार भयंकर असते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. कुगाव ते शिरसोडी पुलाची मागणी किती जुनी आणि किती खरी होती, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळले.

ज्या पाण्याने वाट तोडली त्याच पाण्याने हातात पैसाही दिला. जिराईत ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. शेलगाव-भाळवणीच्या आदिनाथ आणि भिलारवाडीच्या मकाई या सहकारी कारखान्यांच्या नावाभोवती तालुक्याचे अर्थकारण आणि राजकारण फिरू लागले. पुढे कंदरच्या केळीने परदेशाची वाट धरली. ज्वारीच्या पैशात वर्षाचा प्रपंच निघे. उसाच्या बिलाचे तसे नसते, ती रक्कम एकदम खात्यावर पडते. ‘बिल निघालं की गाडी’ हा बेत त्यामुळे घराघरात शिजू लागला. उसाच्या बिलाखेरीज दुसरा आधार दुधाचा. म्हशीचे, पुढे संकरित गायीचे दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीवर पोचवायचे म्हणजे वेळ गाठायची. राजदूतच्या दोन्ही अंगांना कॅन लटकवून जाणारा माणूस तेव्हा या रस्त्यांवर जागोजागी दिसे. १९८६ साली बजाजची एम-८० आली आणि तिने हे काम जणू वाटूनच घेतले. बळकट सांगाडा, हँडलवर गिअर, बसायला ऐसपैस, मागे ओझे कितीही.

पैसा आला त्याच सुमारास निवडही आली. १९८० च्या दशकात सरकारने परवान्यांची पकड सैल केली आणि जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट दिली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज. याच १९८६ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रगती मैदानावर पहिला ऑटो एक्स्पो भरला. नव्या गाड्या एका छताखाली मांडायच्या आणि लोकांनी त्या नुसत्या पाहायला यायचे, ही रीत तिथून देशात रुजली. करमाळ्याचे कोणी तिकडे गेले असेल-नसेल. त्या मांडवातल्या गाड्या मात्र दोन-चार वर्षांत करमाळ्याच्या पेठेत उभ्या राहिल्या.

या पेठेला पारखून घेण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. बाजारात बैल घेताना माणूस दात पाही, खूर पाही, चार पावले चालवून चाल पाही, आणि मगच रुमालाखाली बोटांनी भाव ठरवी. गाडीची पारख तशीच झाली. इंजिन थंड असताना पहिल्या किकला सुरू होते का? तिघे बसल्यावर चढाला दम टाकते का? नांगरटीतल्या ढेकळांतून आणि उसाच्या बांधावरून खालचा भाग घासणार नाही ना? लिटरला किती जाते? मेकॅनिक जेऊरला आहे की टेंभुर्णीला जावे लागेल? आणि विकताना किती येतील? हे प्रश्न विचारणाऱ्याला गाडीची जाहिरात पाठ असायची, तरी विश्वास तो ज्याने दोन वर्षे वापरली आहे त्या पाहुण्यावरच.

आरएक्स १०० ने तरुणांना वेड लावले. ९८ सीसीचे हलके टू-स्ट्रोक इंजिन आणि झटक्यात पळणारी गाडी. पण तिला पेट्रोलबरोबर ऑइलही लागे, आणि प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तसे १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. प्रपंच करणाऱ्यांनी फोर-स्ट्रोककडे मन वळवले. सीडी १०० आणि १९९४ साली आलेली स्प्लेंडर या तालुक्याच्या स्वभावाला मानवल्या. कमी पेट्रोल पिणाऱ्या, तक्रार न करणाऱ्या, दहा वर्षांनीही विकल्या जाणाऱ्या गाड्या. २००१ मध्ये चाकणहून बजाजची पल्सर निघाली, आणि कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी मायलेजच्या आधी सीसी आले. वडील स्प्लेंडर म्हणतात, मुलगा पल्सर म्हणतो, आई म्हणते आधी घराचा स्लॅब टाकू. अनेक घरांत ही बैठक दिवाळीपासून पाडव्यापर्यंत चालते.

शोरूम तालुक्याला आली तशी जत्रेतली गर्दी तिकडे सरकली. काचेमागे उजेडात उभ्या गाड्या, बाहेर मांडव घालून भरवलेला एक्स्चेंज मेळा, जुनी गाडी द्या आणि फरक भरा, कागदपत्रे आणा आणि आजच घेऊन जा. हप्त्याने या प्रदर्शनाला पाहुण्यांऐवजी गिऱ्हाईक मिळवून दिले. दुष्काळाच्या वर्षी हाच हप्ता गळ्याला येतो. पाऊस नसला की ऊस नाही, ऊस नसला की बिल नाही, आणि महिन्याची तारीख मात्र चुकत नाही. फायनान्सवाल्याने गाडी ओढून नेली की नुसती वस्तू जात नाही. दूध डेअरीवर जायचे थांबते, पोरीचे कॉलेज लांबते. गाडी घेण्याचा विचार करणाऱ्याने मांडवातल्या पताकांपेक्षा उजनीतल्या पाण्याची टक्केवारी आधी पाहावी, असे जाणती माणसे सांगतात. ते अनुभवाचे बोल आहेत.

गाडी घरी आणण्याची रीतही या साठ वर्षांत घडली. खंडेनवमीला पूर्वी नांगर, कुळव, विळा, कोयता पूजेला मांडत. आता त्याच ओळीत मोटारसायकल धुऊन पुसून उभी असते. नव्या गाडीला झेंडूचा हार, हेडलाइटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ फोडायचा आणि पहिली फेरी देवीच्या माळावर कमलाभवानीच्या दर्शनाला. हे कुंकूही पुष्कळदा तालुक्यातलेच. रेल्वेमार्गावरचे केम हे गाव कुंकवाच्या धंद्यासाठी नावाजलेले आहे. मग पेढे वाटायचे, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला मागे बसवून एक चक्कर मारून आणायची.

याच रीतीच्या पोटात एक दुखणेही वाढले. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरीही पुढची कित्येक वर्षे लग्नाच्या बोलण्यांत सोने, रोख आणि ‘गाडी’ असे एका दमात उच्चारले गेले. घड्याळ-सायकलची जागा राजदूतने, राजदूतची जागा हिरो होंडाने घेतली. मुलीच्या बापाने सावकाराचे कर्ज काढून दिलेली गाडी जावई मिरवत होता, आणि जिच्यासाठी ती दिली तिला मात्र तिची किल्ली कधीच मिळाली नाही. ग्रामीण महाराष्ट्रातल्या मोटारसायकलचा इतिहास सांगताना हे गाळले तर तो खोटा होईल.

ती किल्ली मुलीच्या हातात दिसली ती करमाळ्याच्याच मातीत. नागराज मंजुळे हे मूळचे जेऊरचे. २९ एप्रिल २०१६ रोजी त्यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. करमाळा तालुक्यातली विहीर, केळीच्या बागा, उजनीचे पाणी सगळे त्यात आले. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. त्यातली आर्ची बुलेटवरून येते. अकलूजच्या रिंकू राजगुरूने ती ज्या ऐटीत चालवली, त्या ऐटीला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही मिळाला. बुलेट ही पाटलाची, फौजदाराची, मिशीवाल्या बागायतदाराची गाडी, हा समज सहा दशकांचा. तो एका शाळकरी वयाच्या मुलीने मोडला. चित्रपटाचा शेवट किती क्रूर आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे, आणि त्यामुळेच ती मोकळी दौड अधिक मोलाची वाटते. पडद्याबाहेर हा बदल सावकाश चालू होता. १९९० च्या दशकातली स्कूटी आणि २००१ च्या सुमारास आलेली अॅक्टिव्हा शिक्षिका, परिचारिका, आशा कार्यकर्त्या यांच्या कामाला आल्या. आज गिअर नसलेली गाडी घेताना ‘घरात सगळ्यांना चालवता येईल’ हे कारण मोकळेपणाने सांगितले जाते. त्या ‘सगळ्यां’मध्ये सूनही येते.

सध्या गाडी घ्यायला निघालेल्या करमाळकराच्या पुढ्यात कधी नव्हे इतके पर्याय आहेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर अंधारात ब्रेक लावताना त्याचा अर्थ कळतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि कार्बोरेटर खोलून फुंकर मारणाऱ्या मेकॅनिकची जागा संगणक जोडून बिघाड शोधणाऱ्या तंत्रज्ञाने घ्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर परतली. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूनासुद्धा बॅटरी लावून आली, तीही फिरोदियांच्याच घराण्यातून.

विजेच्या गाडीपुढे करमाळ्याचे प्रश्न मात्र पुण्याचे नाहीत. वस्तीवरची वीज बहुधा शेतीच्या फीडरवरची, पाळीने येणारी. एका आठवड्यात दिवसा, तर पुढच्या आठवड्यात रात्री. उसाला पाणी धरायला जो रात्री उठतो, त्यालाच गाडी चार्जिंगला लावायची आठवण ठेवावी लागेल. पंप आणि गाडी एकाच वेळी चालतील एवढा दाब असेल का? दोन्ही कॅन भरलेले असताना एका चार्जिंगमध्ये डेअरी आणि परत होईल का? जेऊर स्टेशनवर दिवसभर उभी ठेवली तर तिथे प्लग आहे का? शोरूमच्या मांडवात सध्या जे शेतकरी हँडल हातात धरून उभे असतात, ते विक्रेत्याला हेच विचारतात आणि नीट उत्तर मिळेपर्यंत बुकिंगची पावती फाडू देत नाहीत.